रेशेन ते मेरान : बुडालेलं गाव, तटबंदीचं गाव आणि सायकली (अनुभव धागा)

इसारकाठ
काल घरच्या ग्रुपवर फोटो आला. तळ्याच्या मधोमध चर्चचा मनोरा, आणि खाली मजकूर : 'बुडालेल्या गावातून आजही रात्री घंटा वाजतात, शास्त्रज्ञ थक्क.' मावशीने हात जोडले, काकांनी लगेच चार ठिकाणी पुढे ढकलला. म्हटलं, अहो, त्या मनोऱ्यासमोर बसून मी पोळी-चटणी खाल्लीय, घंटा १९५० सालीच काढून नेल्या. कोणी ढुंकून पाहिलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

तर हे ग्राउन. ऑस्ट्रियातलं नाउडर्स सोडलं की रेशेन खिंड (साधारण १५०० मीटर), ती ओलांडली की इटली. पण पाट्या दोन भाषांत आणि माणसं जर्मन बोलणारी, कारण पहिल्या महायुद्धानंतर हा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. विजेसाठी धरण बांधलं आणि १९५० मध्ये अख्खं ग्राउन पाण्याखाली गेलं. दीडशेवर घरं. गावचा पाद्री गाऱ्हाणं घेऊन थेट पोपपर्यंत जाऊन आला, उपयोग शून्य. घरं सुरुंग लावून पाडली. चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा ठेवला.

तिथून सायकलवाट सुरू होते ती फिन्शगाउ खोऱ्यातून मेरानपर्यंत, अंदाजे ८० किमी, आणि जवळजवळ सगळा उतार! १५०० मीटरवरून सव्वातीनशेवर. आडीजे नदी सोबतीला. वाटेत बुर्गाइसच्या वर मारीनबर्गचा पांढराशुभ्र बेनेडिक्टाइन मठ, मग ग्लुर्न्स. जेमतेम हजारभर वस्तीचं 'शहर', पण तट पूर्ण शाबूत आणि तीन वेशी. १४९९ च्या काल्फनच्या लढाईनंतर स्विसांनी जाळलं, त्यानंतर हा तट उभा राहिला. वेशीतून सायकल आत घातली की पाच मिनिटांत दुसऱ्या वेशीतून बाहेर. पुढे श्लुडर्न्सचा चुरबुर्ग किल्ला, आत सरदारांची अंगाच्या मापाने घडवलेली चिलखतं. कास्टेलबेलला तर किल्ल्याच्या पायाशीच वाट.

कोण कोण गेलंय? लिहा. घाट चढणाऱ्यांनीही लिहा, फक्त हृदयाच्या ठोक्यांचे आलेख टाकू नका.

अर्धा कप
काकांना उलटा फोटो पाठवा, मनोरा हवेत तरंगताना दिसतो म्हणून. तोही पुढे ढकलतील.

भीमथडी
सायकलीचा आणि माझा संबंध शाळेत संपला. पण फोटो बघून थांबले. आमचं आजोळ उजनीत गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, लोक होडीतून बघायला जातात, रील करतात. आजी एकदाही आली नाही. म्हणायची, तुम्ही जावा, मला काय बघायचंय त्यात. तिकडे २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी तळं उपसलं तेव्हा घरांचे चौथरे दिसले होते, बातमीत वाचलं. बाकी तुमचं चालू द्या.

इसारकाठ
@भीमथडी, आजीला नमस्कार. तिथल्याही काही म्हाताऱ्या माणसांना त्या तळ्यावरच्या सेल्फीगर्दीचा राग येतो म्हणे.

वळणावळणाने
उतार उतार काय करता राव! ग्लुर्न्सहून प्राडला वळा आणि स्टेल्व्हिओ चढा. २४ किमी, १८०० मीटर चढ, ४८ वळणं, माथा २७५७ मीटर. वळणांना आकडे आहेत आणि ते उलटे : खाली ४८, माथ्यावर १. वळणांचे आकडे तिशीत आहेत तोवर गप्पा मारायच्या, विशीत आले की मान खाली घालायची. फ्रान्सनहोहेला पोचलात की वरची सगळी भिंत एकदम दिसते. तिथे अर्धे लोक केक खायला थांबतात, मीही.
रस्ता १८२५ चा. तेव्हा लोम्बार्डी ऑस्ट्रियाकडे होती, तिथे जायला सरळ वाट हवी म्हणून कार्लो डोनेगानी या इंजिनियरने पाच वर्षांत बांधला. डोंगराला दगडी टाके घातलेत नुसते. १९५३ मध्ये जिरो (इटलीची मोठी सायकल शर्यत) पहिल्यांदा इथून गेली आणि कोप्पीने याच चढावर कोब्लेटला मागे टाकून स्पर्धा फिरवली.
सल्ला एकच : शनिवार-रविवार मोटारसायकलवाल्यांचा उच्छाद असतो, कान किटतात. पहाटे निघा. नाहीतर ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला एक दिवस रस्ता फक्त सायकलींना खुला असतो, तो गाठा.

अर्धा कप
तुम्ही दाखवलेल्या फोटोत बॅटरीची सायकल दिसतेय ती कोणाची?

वळणावळणाने
बायकोची. ती वर जाऊन सूप पिऊन मला बघायला खाली आली होती. पुढचा प्रश्न.

सासुरवाशीण_झुरिक
आम्ही स्विस बाजूने येतो. स्टेल्व्हिओ चढून त्याच वाटेने उतरू नका, कंटाळवाणं होतं. माथ्यापलीकडे जरा उतरलं की उजवीकडे उम्ब्राइल खिंड, तिथून सांता मारिया, मग म्युस्टाइर, आणि परत ग्लुर्न्स. एक गोल पूर्ण. म्युस्टाइरचा मठ शार्लमेन सम्राटाच्या काळातला, भिंतीवर इ.स. ८०० च्या आसपासची चित्रं, १९८३ पासून जागतिक वारशात. घामट कपड्यांत आत गेले होते, तिथल्या जोगिणीने काहीच म्हटलं नाही. सासूबाई म्हणाल्या असत्या.
दोन गोष्टी लक्षात असू द्या : पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड खिशात ठेवा. आणि स्वित्झर्लंडमध्ये शिरताना फोनचा डेटा बंद करा, युरोपीय युनियनचं रोमिंग तिथे चालेलच असं नाही.
(पोरगं उठलं, बाकी नंतर)

नानबा
आपण माणदेशी माणूस. स्टुटगार्टला लेकाकडं आलो होतो, त्यानं त्या खोऱ्यात नेलं. सायकल नाय, चालत. मला वाटलं आल्प्स म्हंजे पाऊसच पाऊस. कसलं काय, वर्षाला पाचशे मिलिमीटर! आमच्या म्हसवडला जेवढा पडतो तेवढाच. दोन्हीकडचे डोंगर ढग अडवतात. मग या लोकांनी बर्फाचं पाणी पाटानं खाली आणलं, शेकडो वर्षांपूर्वी. पाटकरी असायचा, पाळ्या ठरलेल्या. पाण्यावर एक चाक, चाकाला हातोडी, हातोडी घंटेवर. घंटा वाजतीय म्हंजे पाणी चालू. थांबली की पाटकरी उठून पळाला, कुठंतरी तुंबलंय. इसारकाठ, तुमच्या मावशीला ही घंटा सांगा, ही खरी आहे.
आता खाली नुसती सफरचंदं. एप्रिलात मोहोरावर कडाक्याची थंडी पडली की रातभर फवारे मारतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं त्यानं कळी वाचते. सकाळी अख्खी बाग काचेची. द्राक्षवाल्या पाहुण्याला फोटो पाठवला, तो म्हणे एवढं पाणी आनायचं कुठनं.

इसारकाठ
नानबा, जबरदस्त. पाटाकडेने चालायच्या त्या वाटा माझ्या खालून गेल्या, मी वर बघितलंच नाही... म्हणजे वरून गेल्या, मी खालून. फोनवर लिहितोय, समजून घ्या.

दगडूशेट_नव्हे
लासला कोणी थांबलं नाही का? स्टेशनजवळ पांढऱ्या संगमरवराचे ठोकळे असेच पडलेले. दुसऱ्या महायुद्धातल्या हजारो अमेरिकन सैनिकांच्या थडग्यांवरचे क्रूस याच दगडाचे, आणि न्यूयॉर्कच्या नव्या वर्ल्ड ट्रेड सेंटर स्टेशनातली फरशीसुद्धा. आम्ही मकराण्याच्या धंद्यातले, म्हणून हात लावून पाहिला. कडक माल.

चकली
आठ आणि अकरा वर्षांची मुलं आहेत. जमेल का? नवरा म्हणतो ८० किमी, मुलं रडतील.

सासुरवाशीण_झुरिक
@चकली, पूर्ण करायचंच कशाला? माल्स ते मेरान रेल्वे आहे. १९९० च्या सुमारास बंद पडली होती, २००५ मध्ये पुन्हा सुरू केली. माल्सहून निघा, मुलं दमली की पुढच्या स्टेशनवर चढा. सायकली भाड्याने स्टेशनवरच मिळतात, दुसऱ्या स्टेशनवर परत करता येतात. निघण्याआधी गाड्या चालू आहेत ना ते बघा, मार्गावर कामं असतात. रेशेन ते बुर्गाइस हा टप्पा मुलांबरोबर टाळा, उतार तीव्र आहे, लहान हात ब्रेक दाबून दुखतात.

वळणावळणाने
आणि दुपारचा वारा. माल्सच्या माळावर झाडंसुद्धा एका बाजूला कललीत. पाठीवर असला तर मजा, समोरून आला तर उतारावरही पायडल मारावं लागतं.

इसारकाठ
मुलांना राबलांडचा मैलाचा दगड दाखवा, वाटेवर प्रतिकृती आहे. इ.स. ४६ चा. सम्राट क्लॉडियसने बापाने आखलेला रस्ता पुरा केला, असं त्यावर कोरलंय. त्याच रोमन रस्त्याच्या आसपास आपण सायकल हाणतो.

चकली
मुलांना मैलाचा दगड नको, आइस्क्रीम हवं असतं. खायचं काय? आम्ही शाकाहारी.

अर्धा कप
आला मुद्द्याचा प्रश्न.

सासुरवाशीण_झुरिक
पालकाचे नाहीतर चीजचे क्नोडल, म्हणजे शिळ्या पावाचे मुटके. विचारून घ्या, बऱ्याचदा आत डुकराचे तुकडे असतात. आणि राईचा जोडपाव घ्याच, दोन चपट्या भाकऱ्या चिकटवल्यासारखा. त्यात निळी मेथी घालतात. फोडला की आईच्या डब्याचा वास.

चकली
मेथी??? नवरा तयार झाला. तारखा बघतोय.

भीमथडी
तो पाव पार्सलने येतो का हो?