मदत हवी आहे: राहण्यासाठी नॅरोबोट घ्यायची आहे, पण डिझेल हीटर तीन मिनिटांत बंद पडतो

हिवाळी_मुक्काम

नमस्कार. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला वूस्टर अँड बर्मिंगहॅम कालव्यावर एक ५७ फुटी नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब अरुंद पोलादी बोट, पाहिली आहे. २००४ सालची, पत्र्याची जाडी तळाला १० मिमी, बाजूंना ६ आणि केबिनला ४ मिमी. आम्हा दोघांना वर्षभर बोटीवरच राहायचं आहे. कायमचा धक्का घेणार नाही, म्हणजे एका जागी जास्तीत जास्त १४ दिवस आणि किनाऱ्यावरची वीज नाही.

उष्णतेची सोय अशी: पुढे कोळसा-लाकडाचा स्टोव्ह, त्याला बॅक बॉयलर (जाळामागे पाणी तापवणारी टाकी), त्यावर तीन रेडिएटर आणि गरम पाण्याची टाकी. मागे इंजिनाच्या खोलीत ५ किलोवॉटचा डिझेल हीटर, तोही त्याच पाइपांना जोडलेला. हीटर चालू केला की पंखा फिरतो, पांढरा धूर येतो आणि तीनेक मिनिटांत सगळं थांबतं. मालक म्हणतात, "सर्व्हिस केली की चालेल." बोट सेफ्टीचं प्रमाणपत्र अजून दोन वर्षं वैध आहे. पैसे देण्याआधी नेमकं काय तपासू?

पाना_पक्कड

पांढरा धूर म्हणजे डिझेल पोहोचतंय पण पेटत नाहीये. म्हणजे पंप बहुधा ठीक आहे. आता विजेकडे बघा, बर्नर नंतर.

सुरुवातीला ग्लो पिन, म्हणजे डिझेल पेटवणारी सळई, लाल व्हायला साधारण १० अँपिअर लागतात. हीटरपाशी व्होल्टेज साडेदहाच्या खाली गेलं की तो स्वतःहून बंद होतो. बॅटरीवर १२.३ दिसतंय म्हणून हीटरला तेवढं मिळतंय असं नाही. वायर २.५ चौरस मिमीची आणि अंतर ८ मीटर असेल, तर जाऊन-येऊन १६ मीटर होतात आणि १० अँपिअरला जवळजवळ १.१ व्होल्ट वायरीतच जातात. तीच वायर १० चौरस मिमीची असेल तर ०.३ सुद्धा जात नाहीत. पुष्कळ बोटींत हीटर बॅटरीच्या शेजारी असतो, पण वायर मात्र मधल्या फ्यूजबोर्डापर्यंत जाऊन परत आलेली असते. ती कुठून कुठे गेली आहे ते हाताने धरून शोधा.

मीटर हीटरच्या प्लगवर लावून ठेवा, मगच चालू करा आणि पहिल्या मिनिटातला सगळ्यात कमी आकडा लिहून घ्या. त्याच वेळी दुसऱ्याला बॅटरीवरचा आकडा वाचायला सांगा. दोन्हींतला फरक हे तुमचं उत्तर. बॅटरीवरच ११.५ च्या खाली जात असेल तर बॅटऱ्या संपल्या आहेत, तो खर्च वेगळा धरा.

व्होल्टेज नीट असूनही पेटला नाही तर मात्र ग्लो पिन, बर्नरमधली काजळी किंवा इंधनात हवा. टाकीतून हीटरसाठी स्वतंत्र नळी असायला हवी. इंजिनाच्या नळीला फाटा मारला असेल तर इंजिन चालू असताना हवा ओढली जाते. पंपापुढच्या पारदर्शक नळीत बुडबुडे दिसतात का पाहा.

आणि बोट बघायला जाताना आधी कळवा की हीटर, इंजिन, स्टोव्ह सगळं थंड असू दे. गेल्यावर हात लावून खात्री करा. कोमट हीटर सुरू करून दाखवण्यात अर्थ नाही.

लोखंडी_तळ

हीटर ही दुरुस्त होणारी वस्तू आहे. मला या वर्णनात बॅक बॉयलरची जास्त काळजी वाटते.

बॅक बॉयलर म्हणजे आडवा केलेला तांब्याचा बंबच: जाळ आहे तोवर पाणी तापत राहणार, तुम्ही पंप लावा किंवा नका लावू. म्हणून निदान एका रेडिएटरकडे पाणी पंपाशिवाय फिरलं पाहिजे. त्यासाठी २८ मिमीचा तांब्याचा पाइप बॉयलरपासून सतत चढता हवा, मध्ये कुठेही खाली झुकलेला नको, आणि त्या फेऱ्यात एकही बंद होणारा कॉक नको. बॉयलरपासून वरच्या उघड्या टाकीपर्यंतचा मार्गही मोकळा हवा. बॅटरी उतरली आणि पंप थांबला की हाच रस्ता वाफेला बाहेर काढतो. सगळं १५ मिमीच्या प्लॅस्टिक पाइपवर, फक्त पंपाच्या भरवशावर असेल तर आहे त्या स्थितीत जाळ करू नका.

पुढची गोष्ट कमी लोक बघतात. हीटिंगची गळती बोटीचा तळ आतून खाते. फरशीखाली विटा किंवा फरश्यांचं वजन ठेवलेलं असतं, त्यांच्यात ओल वर्षानुवर्षं राहते. बोट मागे थोडी खाली बसते, त्यामुळे केबिनमधलं सगळं पाणी मागच्या टोकाला जमतं. तिथे पायऱ्यांखाली एक झाकण असेल. ते उघडून टॉर्च मारा, कोरड्या कापडाने पुसा, रंग पाहा. निळं किंवा गुलाबी, बोटांना बुळबुळीत लागणारं पाणी असेल तर ते अँटीफ्रीझ. रंग नसेल तर शॉवर, पिण्याची टाकी किंवा खिडक्यांवरचं दव.

बोट सेफ्टीचं प्रमाणपत्र गॅस, इंधन, वीज आणि आगीच्या धोक्यापुरतं असतं. पत्र्याच्या जाडीबद्दल ते काहीच सांगत नाही. बोट पाण्याबाहेर काढून अल्ट्रासॉनिक मोजणी करणारा सर्व्हेअर तुम्ही नेमा, मालकाने दिलेला जुना अहवाल पुरेसा मानू नका. ४ मिमीच्या खाली जाडी गेली की पुष्कळ विमा कंपन्या पूर्ण विमा देत नाहीत, आणि तृतीयपक्ष विम्याशिवाय कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचा, म्हणजे कालवे सांभाळणाऱ्या संस्थेचा, परवाना मिळत नाही.

हिवाळी_मुक्काम

दोघांचेही मनापासून आभार. आज मोजून आलो. चालू करताना बॅटरीवर १२.३, हीटरच्या प्लगवर १०.४. वायर २.५ चौरस मिमीच आहे आणि फ्यूजबोर्डावरून फिरून आली आहे. फ्यूजचं होल्डर हाताला गरम लागलं.

पायऱ्यांखाली दोन बोटं पाणी आहे, रंग फिकट निळा. स्टोव्हपासून जाड तांब्याचा पाइप चढत गेलेला दिसतो, कॉक दिसला नाही.

पाना_पक्कड

१.९ व्होल्ट जाताहेत. त्यातले १.१ च्या आसपास वायरीचे, उरलेले ०.८ जोडांमध्ये. मीटरची दोन टोकं फ्यूज होल्डरच्या दोन बाजूंना लावून हीटर चालू करा. ०.१ च्या वर आकडा आला तर होल्डर गंजलंय. मालकाच्या परवानगीने बॅटरीपासून हीटरपर्यंत जाड तात्पुरती वायर टाका, बॅटरीजवळ २० अँपिअरचा फ्यूज घालूनच. पेटला तर पूर्ण तासभर चालवा, रेडिएटर सगळे उघडे ठेवून. सुरुवातीचा धूर विरला पाहिजे. काळा धूर येत राहिला तर आत काजळी धरली आहे.

ती काजळी का धरते हे समजून घ्या, म्हणजे पुढे सर्व्हिसचा खर्च वाचेल. हीटर ५ किलोवॉटचा आणि तीन रेडिएटर मिळून अडीच किलोवॉटचे असतील तर पाणी लगेच तापतं, हीटर आच कमी करतो, बंद होतो, पुन्हा पेटतो. प्रत्येक पेटण्या-विझण्यात अर्धवट जळलेलं डिझेल मागे राहतं. म्हणून तो थोडा-थोडा वेळ दहादा लावू नये. सकाळी एकदा, तासभर सलग, पूर्ण आचेवर. टाकीतलं पाणी आणि रेडिएटर दोन्ही एकदम. पूर्ण आचेवर तासाला साधारण ०.६ लिटर डिझेल लागतं. दिवसभराची ऊब स्टोव्हकडूनच घ्यायची. बर्नर उघडला की गॅस्केट नवीनच घाला, जुनं परत बसवू नका.

लोखंडी_तळ

निळं पाणी दोन ठिकाणचं असू शकतं. गरम पाण्याच्या टाकीत बहुधा दोन वेटोळी असतात, एक हीटिंगचं, दुसरं इंजिनाच्या पाण्याचं, आणि दोन्हीकडे निळं अँटीफ्रीझ असू शकतं. दोन्ही भरणी-टाक्यांवर पातळीची खूण करा, पाणी उपसून कोरडं करा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू ठेवा. एक दिवस स्टोव्ह पेटवा, दुसऱ्या दिवशी फक्त इंजिन चालवा. कोणती पातळी उतरली त्यावरून कळेल.

सर्व्हेअरला हे आधी सांगा. तो ठरावीक अंतरांवर मोजतो. स्टोव्हखालच्या आणि मागच्या टोकाच्या तळावर जवळजवळ बिंदू घ्यायला सांगा. बाहेरून लावलेलं यंत्र उरलेली जाडी दाखवतं, म्हणजे आतली झीजही त्यात येते, पण खड्डा नेमका दोन बिंदूंच्या मध्ये असेल तर निसटतो. मागचा तळ ८ मिमीच्या वर असेल तर घाबरायचं कारण नाही: गळती काढायची, फरशी उघडून वाळवायची. ५ च्या आसपास ठिपके असतील तर पत्रा चढवण्याचा खर्च किमतीतून वजा करा, नाहीतर सोडून द्या. माझ्या मते गळती सापडेपर्यंत अनामत रकमेचा करार "सर्व्हे समाधानकारक असल्यास" एवढ्यावर थांबू नये. त्यात तळाची किमान जाडी आकड्यात लिहून घ्या.

गळती काढल्यावर जुनं पाणी पूर्ण सोडा. ५० लिटरची प्रणाली असेल तर २० लिटर अँटीफ्रीझ, बाकी पाणी. प्रॉपिलिन ग्लायकॉलचंच घ्या, कारण वेटोळं फुटलं तर ते तुमच्या नळाच्या पाण्यात येणार. गंजरोधक द्रव्य काही वर्षांत निकामी होतं, तेव्हा बाटलीवर दिलेल्या मुदतीला बदला.

हिवाळी_मुक्काम

सर्व्हेअरशी बोलतोच. स्टोव्हचं दार आणि धुराडं कसं तपासायचं, तेवढं सांगाल?

पाना_पक्कड

दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. ओढल्यावर सहज निघाली तर दाराच्या कडेची हवाबंद करणारी दोरी बदला, चारही बाजूंनी तपासा. आत विटेला तडा आणि वरची आडवी प्लेट वाकली आहे का बघा. धुराडं छतातून जातं तिथल्या कॉलरभोवती तपकिरी डाग म्हणजे सांधा सुटला आहे. मग अग्निसिमेंट उकरून नव्याने भरेपर्यंत जाळ करायचा नाही. राखेचं तबक रोज रिकामं करा, राख जाळीला टेकली की जाळी वितळून वाकते. लाकूड २० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचं. ओलं लाकूड आणि धूररहित कोळसा एकत्र जाळू नका, त्यातून होणारं आम्ल धुराडं पोखरतं.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बीएस ईएन ५०२९१-२ असं छापलेला घ्या, तो बोटींसाठीचा आहे. एक स्टोव्हच्या खोलीत, एक झोपायच्या जागी. आणि थंडी वाजते म्हणून दारातल्या जाळ्या किंवा छतावरचे वायुमार्ग चिंध्यांनी बंद करू नका, एका रात्रीसाठीही नाही.