मदत हवी आहे: मुंबई सिटीच्या भित्तिपत्रकात ही नावं कशी लिहायची?

नमस्कार मंडळी. आमच्या नेरुळच्या सोसायटीत पोरांनी मुंबई सिटी एफसी या फुटबॉल क्लबच्या गाजलेल्या खेळाडू-प्रशिक्षकांचं भित्तिपत्रक करायला घेतलंय. लिहायचं काम माझ्या गळ्यात. (अक्षर चांगलं असल्याची शिक्षा!)

राहुल भेकेचा मजकूर झटक्यात झाला. आपल्या मुंबईचाच बचावपटू. एप्रिल २०२२ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये (आशियातल्या क्लबांची स्पर्धा) इराकी क्लबविरुद्ध त्याच्या हेडरमुळे २-१ असा विजय मिळाला, त्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा पहिलाच. पोरांनी तो गोल स्केचपेनने काढलाय, चेंडू भेकेच्या डोक्यापेक्षा मोठा.

गाडी अडलीय मिझोरमच्या छांगते या खेळाडूपाशी. लालियानझुआला की लल्लियनजुआला? दोनदा व्हाइटनर लावून कागद फुगलाय. कुणाच्या ओळखीत मिझो माणूस असेल तर जरा विचारून सांगाल का? आणि २०२३-२४ चा आयएसएल (इंडियन सुपर लीग) चषक जिंकून देणारे चेक प्रशिक्षक पीटर क्रात्की की पेत्र?

शेवटचं, ‘स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच’ला (खेळाडूंची ताकद नि तंदुरुस्ती वाढवणारा) सुटसुटीत मराठी सुचवा. मी ‘बलसंवर्धन प्रशिक्षक’ म्हटलं तर पोरं हसतच सुटली. रविवारी सकाळी चिकटवायचंय, तेव्हा शनिवारपर्यंत कळवा.