वार म्हणजे गाळणी नव्हे
वर एका ताईंनी लिहिलंय की वार (म्हणजे प्लॅसेंटा, पोटात आईला बाळाशी जोडणारा अवयव) नको ते औषध अडवते, त्यामुळे फिटच्या गोळ्यांची बाळाला भीती नाही. तसं नसतं हो. या औषधांचे रेणू लहान, बरेचसे चरबीत विरघळणारे. आईच्या रक्तातून बाळाकडे सहज जातात. वारेच्या पेशींत काही औषधं परत ढकलणारे प्रथिनांचे पंप असतात खरे, पण ते पहारेकरी पुरे पडत नाहीत.

व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाचं तर उलटंच. प्रसूतीच्या वेळी नाळेतल्या रक्तात ते आईच्या रक्तापेक्षा जास्त सापडतं! शिवाय वारेतून फोलेट (बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीला लागणारं जीवनसत्त्व) बाळापर्यंत नेणाऱ्या यंत्रणेतही ते ढवळाढवळ करतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती नळी गर्भधारणेपासून साधारण 28 दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात येतं तेव्हा. म्हणून गोळी बदलायचीच असेल तर ती दिवस राहण्याआधी.

लॅमोट्रिजिन या फिटच्या दुसऱ्या औषधाची गंमत वेगळी. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढलं की यकृत ते भराभर निकालात काढतं, रक्तातली पातळी घसरते आणि आटोक्यात आलेली फिट पुन्हा डोकं वर काढते. डोस वाढवावा लागतो, बाळंतपणानंतर लगेच उतरवावाही लागतो, नाहीतर चक्कर, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं. तेव्हा रक्तातली पातळी तपासायची का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

आणि घाबरून गोळ्या परस्पर बंद करू नका. मोठ्या झटक्यात आईचा श्वास अडखळतो, त्या वेळी बाळाचाही प्राणवायू कमी पडतो.