मदत हवी आहे: थोडं वर्गात, थोडं ऑनलाईन, पण प्राध्यापकांना आधार कसा द्यायचा? (नवी मुंबई)

नेरुळ_स्टाफरूम:

नमस्कार मंडळी. कला-वाणिज्य-विज्ञान असं तिन्ही शाखांचं कॉलेज आहे. पुढच्या सत्रापासून प्रत्येक विषयाचे काही तास ऑनलाईन घ्यायचे ठरलं आहे आणि शिक्षकांना त्यासाठी तयार करायचं काम आयक्यूएसीमार्फत (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षामार्फत) माझ्याकडे आलं आहे. साधारण ४५ शिक्षक आहेत, त्यातले निम्मे सीएचबीवर (तासिका तत्त्वावर). मुलं उरण, पनवेल, कर्जत, कल्याण अशी चहूकडून येतात. हार्बर किंवा ट्रान्स-हार्बर लोकल बंद पडली की वर्ग अर्धा रिकामा.

हाताशी काय आहे: मूडल (ऑनलाईन कोर्स चालवण्याचं सॉफ्टवेअर, बाहेरच्या सर्व्हरवर), गुगल वर्कस्पेसची शिक्षणसंस्थांसाठीची मोफत आवृत्ती, प्रोजेक्टर असलेल्या दोन खोल्या. नवीन खरेदीला फार पैसे नाहीत.

प्रश्न असे:
१. वर्गात शिकवतानाच कॅमेरा लावून घरच्या मुलांनाही तेच लेक्चर द्यावं, असा वरून आग्रह आहे. जमेल का?
२. किती तास ऑनलाईन आणि नेमका कुठला भाग?
३. कमीत कमी सामान कोणतं?
४. मूडलवर फाइल चढत नाही, सूचनांचे ईमेल जात नाहीत.
५. प्रशिक्षण कसं द्यावं? एक दिवसाच्या कार्यशाळेनंतर कोणीच काही वापरत नाही.

---

खडू_डस्टर:

२ आधी घेतो, कारण १ चं उत्तर त्यातच आहे.

एका क्रेडिटला १५ तास धरले तर दोन क्रेडिटच्या पेपरचे ३० तास होतात. यूजीसीच्या मे २०२१ च्या मिश्र अध्यापनाच्या टिपणात एका विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाईन सुचवला होता, म्हणजे या पेपरमध्ये १२ तास. ते संकल्पना-टिपण होतं, त्यामुळे आकडा छापण्याआधी आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक बघा. आणि स्वयम् पोर्टलवरच्या (केंद्र सरकारच्या ऑनलाईन कोर्सच्या) क्रेडिटची ४० टक्के मर्यादा ही निराळी बाब आहे. बैठकीत दोन्हींची खिचडी होते.

आता १२ तास म्हणजे दर आठवड्याचा एक तास कापून झूमवर टाकणं नव्हे. तसं केलंत तर मुलं तो तास सुट्टी समजतात. विषय फोडायचा तो असा: जे मुलाने एकट्याने थांबत-थांबत, परत मागे जाऊन बघावं ते ऑनलाईन, आणि जिथे मूल अडकणार ते वर्गात.

अकाउंटन्सीत बँक ताळमेळ घ्या. रोकड पुस्तक आणि पासबुकात फरक का पडतो याची कारणं आणि एक सोडवलेलं उदाहरण, आठ-दहा मिनिटांचा व्हिडिओ. त्याखाली पाच प्रश्नांची छोटी चाचणी: न वटलेला चेक कुठे मिळवायचा, कुठे वजा करायचा. वर्गात आल्यावर थेट गणितं. चाचणीत निम्म्या वर्गाचा जो प्रश्न चुकला, तास त्याच्यापासून सुरू. रसायनशास्त्रात ब्युरेटचं वाचन आणि आकडेमोड आधी घरी, टायट्रेशन प्रयोगशाळेतच, तिथे ऑनलाईनचा हट्ट नको. मराठीच्या तासाला कवितेचं वाचन वर्गातच, काळ आणि पार्श्वभूमीचा मजकूर ऑनलाईन.

म्हणून १ ला माझं स्पष्ट उत्तर: एकाच वेळी दोन्हीकडे शिकवू नका. शिक्षकाची नजर एक तर वर्गावर असते, नाही तर पडद्यावर. फळा कॅमेऱ्यात वाचता येत नाही. मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न ऑनलाईन ऐकू जात नाही, मग शिक्षक फक्त उत्तर देतो आणि घरचं मूल कोड्यात. अपवाद दोन: पाहुण्यांचं व्याख्यान, आणि अख्खा वर्गच घरी असेल असा पावसाचा दिवस.

---

पारसिक_डोंगर:

खडू_डस्टर यांच्याशी सहमत. सामानाबद्दल मी लिहितो. पैसे कॅमेऱ्यावर घालू नका, आवाजावर घाला. धूसर चित्र मुलं सहन करतात, घुमणारा आवाज दोन मिनिटांत बंद करतात.

माइकचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, पंख्याचा आणि रस्त्याचा मात्र तेवढाच राहतो. टेबलावरच्या लॅपटॉपचा माइक म्हणूनच फसतो. वायरचा कॉलर माइक घ्या आणि तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर, शर्टाच्या दुसऱ्या बटणाच्या आसपास लावा. साडीच्या पदराला किंवा ओढणीला लावला की सतत खसखस येते, म्हणून ब्लाउजच्या किंवा कुर्त्याच्या गळ्याला. पंखा थेट डोक्यावर असेल तर स्पंजची टोपी हवीच.

सर्वांत जास्त डोकं खाणारी गोष्ट पिन. माइकच्या पिनवर दोन काळ्या रेघा असतील तर तो कॅमेऱ्यासाठीचा. मोबाइल किंवा एकच खाच असलेल्या लॅपटॉपला तीन रेघांची पिन लागते. दोन रेघांची घातली तर काहीच तक्रार न करता फोन स्वतःच्याच माइकवरून रेकॉर्ड करत बसतो, आणि ते कळतं शेवटी. बदलाचा छोटा ॲडॅप्टर मिळतो. खऱ्या रेकॉर्डिंगआधी छोटी चाचणी घ्या, तेव्हा माइकवर नखाने हलकेच टकटक करा. ती ऐकताना मोठा आवाज आला तर माइक चालू आहे.

गणित-अकाउंट्ससाठी डिजिटल पाटी घेण्याची घाई नको. मोबाइल स्टँडवर आडवा, कॅमेरा खाली ए-४ कागदावर, काळं स्केचपेन. ट्यूबलाईट डोक्याच्या मागे नको, बाजूला हवी, नाहीतर हाताची सावली अक्षरावर. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश कुलूपबंद करा, म्हणजे हात आत-बाहेर झाला की चित्र उजळ-काळं होत नाही. कागदाची किनार दिसेल इतकीच उंची ठेवा. मुलं हे सहा इंची पडद्यावर बघणार आहेत, तेव्हा एका पानावर सात-आठ ओळींपेक्षा जास्त नको.

लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करायचं तर ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात एमकेव्ही प्रकारात साठवा आणि नंतर त्यातल्याच रीमक्सने (फाइलचा प्रकार बदलण्याच्या सोयीने) एमपी४ करा. थेट साधं एमपी४ ठेवलं आणि मध्येच वीज गेली तर अख्खी फाइल उघडत नाही. एमकेव्हीत तोवरचं तरी राहतं.

राउटरला छोटा यूपीएस लावा. राउटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचून मगच घ्या, बहुतेक १२ व्होल्टचे असतात पण सगळे नाहीत. इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालवायचा विचारही नको.

---

ट्रान्सहार्बर:

मूडलबद्दल.

फाइल चढत नाही: मर्यादा तीन ठिकाणी असते, सर्व्हरच्या पीएचपीत (ज्या भाषेवर मूडल चालतं तिच्या सेटिंगमध्ये), मूडलच्या साइट पातळीवर आणि त्या कोर्समध्ये. तिन्हींतली सर्वांत लहान लागू होते. पीएचपीत मुळात एका फाइलला २ एमबी आणि एकूण पाठवणीला ८ एमबी असतात. शिक्षक कोर्सची मर्यादा वाढवून थकतात आणि अडथळा सर्व्हरवर असतो. सर्व्हरवाल्याला दोन्ही आकडे वाढवायला सांगा, एकूण पाठवणीचा आकडा फाइलच्या आकड्यापेक्षा मोठा हवा. तरीही व्हिडिओ मूडलवर चढवू नका. ड्राइव्हवर ठेवून दुवा द्या.

ईमेल जात नाहीत: क्रॉन बंद असेल. मूडलचं हे पार्श्वभूमीचं काम दर मिनिटाला चालायला हवं. ते थांबलं की फोरमचे ईमेल, स्मरणपत्रं सगळंच अडकतं. प्रशासकाच्या पानावर शेवटचं कधी चाललं ते दिसतं. क्रॉन ठीक असेल तर मग ईमेल पाठवण्याची सेटिंग तपासा.

मुलांची यादी एक्सेलमधून सीएसव्ही करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. साध्या सीएसव्हीत देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं होतात.

ड्राइव्हचे दुवे शिक्षकांच्या खासगी जीमेलवरून नकोत. रात्री अकराला ऐंशी मुलांचे 'परवानगी द्या' असे मेल येतात. विभागाचं एक खातं करा, फाइली त्यावर. सीएचबीचे सर पुढच्या वर्षी नसले तरी साहित्य राहतं.

आणि डेटाचा हिशोब शिक्षकांसमोर मांडा. सेकंदाला १ मेगाबिटने रेकॉर्ड केलेला व्हिडिओ मिनिटाला साधारण ७.५ एमबी खातो. दहा मिनिटांचे ७५ एमबी. त्याच दराने ५० मिनिटांचं थेट लेक्चर ३७५ एमबी, म्हणजे चार लेक्चरांत दिवसाचा दीड जीबीचा पॅक संपला. नुसता आवाज ६४ किलोबिटला मिनिटाला अर्धा एमबी. तेव्हा प्रत्येक व्हिडिओबरोबर आवाजाची फाइल आणि दोन पानांचं टिपण द्या. मूडलच्या ॲपमध्ये कोर्स उतरवून ठेवता येतो, लोकलमध्ये बसून नेटशिवाय वाचता येतो. कर्जतच्या मुलांना हे एकदा प्रत्यक्ष करून दाखवायला हवं, सूचना वाचून कोणी करत नाही.

---

खाडीपलीकडे:

५ वर. कार्यशाळेनंतर कोणी वापरत नाही, कारण तिथे बटणं दाखवतात आणि शिक्षकाची अडचण असते 'मंगळवारच्या माझ्या तासाला काय करू'. सगळ्यांना एकत्र बसवणं सोडा. असं करून बघा:

प्रत्येक विभागातून एक साथी शिक्षक निवडा. वयाने लहान असायलाच हवा असं नाही, शांतपणे तीनदा सांगणारा हवा. त्याचे आठवड्याचे दोन तास टाईमटेबलमध्ये मोकळे करा. 'जमेल तेव्हा मदत करा' म्हटलं की परीक्षेच्या काळात तो सापडत नाही. प्रत्येक शिक्षकाने पहिल्या सत्रात एकच घटक बदलायचा, अख्खा पेपर नाही. साथीबरोबर तीन बैठका: पहिलीत घटक फोडायचा (वर खडू_डस्टर यांनी सांगितलं तसं), दुसरीत साहित्य तयार करायचं, तिसरीत तास झाल्यावर चाचणीचे निकाल बघून काय ठेवायचं, काय टाकायचं ते ठरवायचं. तिसरी बैठक सगळे गाळतात. तीच सर्वांत कामाची.

सीएचबीचा प्रश्न मोकळेपणाने घ्या. त्यांना तासावर मानधन मिळतं. व्हिडिओ करण्याचा वेळ तासात धरला नाही तर ते करणार नाहीत, आणि का करावं? ऑनलाईन तासाची हजेरी, नोंद आणि मानधन कसं धरायचं, हे प्राचार्य आणि लेखा विभागाकडून लेखी घ्या. त्याआधी प्रशिक्षण सुरू करू नका.

थोडी असहमती: खडू_डस्टर सगळ्यांनी व्हिडिओ करावेत असं सुचवतात असं वाटतं. बऱ्याच विषयांत दोन पानांचं चांगलं टिपण आणि पाच प्रश्न पुरतात. व्हिडिओ हात किंवा पायऱ्या दाखवायच्या असतील तिथेच.

---

खडू_डस्टर:

मान्य आहे. टिपणांत फक्त एक बघा: श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमधला मजकूर मूडलवर चिकटवला की अगम्य चिन्हं येतात. आधी युनिकोडमध्ये बदला, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, बदलताना तेच हमखास बिघडतात. जुन्या नोट्सचा फोटो काढून पीडीएफ टाकणं सोपं वाटतं, पण दृष्टिहीन विद्यार्थ्याचं वाचक-सॉफ्टवेअर त्यातलं अक्षरही वाचत नाही.

---

नेरुळ_स्टाफरूम:

सगळ्यांचे मनापासून आभार. मानधनाचा मुद्दा आधी प्राचार्यांकडे नेते. दोन शंका उरल्या. मोफत वर्कस्पेसमध्ये गुगल मीटवर रेकॉर्डिंगचं बटणच दिसत नाही, ते आमचं काही चुकतंय का? आणि १२० मुलांची अंतर्गत चाचणी मोबाइलवर घेतली तर सर्व्हर झोपेल का?

---

ट्रान्सहार्बर:

मॅडम, तुमचं काही चुकत नाही, मोफत आवृत्तीत ती सोयच नाही. ओबीएसने घ्या. मात्र मुलांचे चेहरे आणि आवाज रेकॉर्ड करू नका, प्रश्नोत्तरं सुरू झाली की रेकॉर्डिंग थांबवा. पहिल्या वर्षाला बरीच मुलं अठराच्या आतली असतात आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तेवढ्या वयाच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे.

चाचणी: सर्व्हरवर ताण येतो तो सगळे एकाच मिनिटाला 'सुरू करा' दाबतात तेव्हा. तीन गट करा आणि चाचणीतल्या गटनिहाय बदलाच्या सोयीने प्रत्येक गटाची वेळ दहा मिनिटांनी पुढे-मागे ठेवा. प्रश्नपेढीत ३० प्रश्न भरून त्यातले १० यदृच्छेने येऊ द्या, नाहीतर दुसऱ्या गटापर्यंत उत्तरं व्हॉट्सॲपवर पोचतात. एका पानावर पाचच प्रश्न, म्हणजे पान उलटताना उत्तरं जतन होतात आणि नेट तुटलं तरी मूल तिथूनच पुढे जातं. खऱ्या चाचणीआधी त्याच मुलांना, त्याच वेळेला, दोन प्रश्नांची बिनगुणांची रंगीत तालीम द्या. पासवर्ड विसरलेले निम्मे त्यातच सापडतात.

---

पारसिक_डोंगर:

आणि चाचणीच्या खोलीत चार्जिंगसाठी दोन एक्स्टेंशन बोर्ड ठेवा. दुपारच्या बॅचला फोन १५ टक्क्यांवर असतात.