मदत हवी आहे: २-१५ संघाची डागडुजी आणि 'डेड मनी'चं गणित

शार्लटला आल्यापासून इथल्या अमेरिकन फुटबॉल (एनएफएल) संघाच्या, कॅरोलिना पँथर्सच्या नादी लागलोय. २०२३ला १७ पैकी २ सामने जिंकले. वर ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड, हरलेल्या संघांचा नंबर आधी) पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) ब्राइस यंग घ्यायला त्यांचा खेळाडू डीजे मूर आणि २०२४चा पहिल्या फेरीचा पिक (निवडीचा हक्क) शिकागोला देऊन बसलेले! म्हणजे हरूनही ड्राफ्टमध्ये वर नंबर नाही. मग यंगला वाचवायला रॉबर्ट हंट आणि डेमियन लुईस हे दोन गार्ड (क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना अडवणारे) आणले. हंटचा करार ५ वर्षं, १० कोटी डॉलर. हे पटलं.

अडलंय ते इथे. समजा २ कोटी डॉलरचा साइनिंग बोनस (करारावर सही करताना मिळणारी रक्कम) कॅपच्या, म्हणजे संघाच्या वार्षिक पगारखर्चाच्या मर्यादेच्या, हिशोबात ५ वर्षांत वाटला, वर्षाला ४० लाख. दोन वर्षांनी खेळाडूला काढलं, तर उरलेले १ कोटी २० लाख कॅपवर एकदम येतात, हाच 'डेड मनी'. १ जूननंतर काढलं तर ४० लाख यंदा, ८० लाख पुढच्या वर्षी.

मग पडत्या संघाने हा भार एकाच हंगामात सोसावा की लांबवावा? मला तर लांबवणं म्हणजे क्रेडिट कार्डाचं मिनिमम ड्यू भरल्यासारखं वाटतं. ऑफिसातला एकजण म्हणतो, कॅप दरवर्षी वाढते, चिंता नको. कोणी उदाहरणासकट समजावेल का?