शब्दचर्चा : ‘प्रती काढते’ म्हणजे नेमके काय करते?

प्रश्न (फोंडा)
येथील एका वाचनालयाच्या जुन्या नोंदवह्यांचे स्कॅनिंग मी सांभाळतो. संगणकावर जागा मोकळी करण्यासाठी एक छोटे साधन मी लिहिले होते आणि अलीकडे ते एआय एजंटच्या, म्हणजे सांगितलेले काम साधने वापरून स्वतः करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती दिले. अशा साधनासोबत त्याचे वर्णन द्यावे लागते आणि ते केव्हा चालवायचे हे एजंट मुख्यतः त्या वर्णनावरूनच ठरवतो. माझे वर्णन तीन शब्दांचे होते : ‘जुन्या प्रती काढते.’ एके सकाळी मी एजंटला लिहिले, ‘१९५८ सालच्या वहीच्या प्रती काढ.’ मला छापील प्रती हव्या होत्या. त्याने त्या सालचे अख्खे फोल्डर पुसले. बाहेरच्या डिस्कवर महिन्यापूर्वीची प्रत होती म्हणून निभावले, मात्र त्यानंतर दुमडलेले कोपरे सरळ करून जी पाने मी पुन्हा स्कॅन केली होती ती गेली. येथे कोणते क्रियापद वापरायला हवे होते?

उत्तर (म्हापसा)
एजंटला फारसा दोष देता येणार नाही. मराठीत ‘काढणे’ हे नवे करण्यासाठीही चालते आणि नाहीसे करण्यासाठीही : आपण बँकेत खाते काढतो, दुकान काढतो, चित्र काढतो, कर्ज काढतो आणि पायातला काटाही काढतो. अर्थ ठरतो तो कर्मावरून किंवा पुढच्या सहायक क्रियापदावरून; ‘काढून ठेव’, ‘काढून दे’ आणि ‘काढून टाक’ ही तीन वेगळी कामे आहेत. कोकणीतही ‘फोटू काडप’ आहेच, पण ‘काडून उडय’ म्हटले की कोणाला संशय राहत नाही. त्यातही ‘प्रत’ हे कर्म सर्वांत वाईट, कारण प्रत काढणे म्हणजे नक्कल करणे हाच अर्थ रूढ आहे. माझे मत ‘पुसणे’ या शब्दाला. त्याचा ‘विचारणे’ हा जुना अर्थ आड येईल अशी शंका कोणी काढील, परंतु ‘फाइल पुसते’ म्हटल्यावर तो संभवत नाही. (आपल्या एजंटने न पुसता पुसले, हे मात्र खरे.)

उत्तर (मडगाव)
‘पुसणे’ मान्य; मात्र नुसते क्रियापद बदलून भागणार नाही, कारण गेलेली वस्तू परत मिळते की नाही हे मराठीतले कोणतेच क्रियापद स्वतःहून सांगत नाही. मराठी विकिपीडियावर पान ‘वगळतात’, पण वगळलेले पान प्रचालकांना परत आणता येते. ‘खोडलेले’ अनेकदा वाचताही येते. ‘हटवणे’ म्हणजे जागेवरून दूर करणे. हटवलेली वस्तू दुसरीकडे असू शकते. सर्वांत फसवा शब्द ‘साफ करणे’. गिट या फायलींमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीतील ‘क्लीन’ ही आज्ञा, ज्या फायलींची गिटने नोंदच घेतलेली नाही, त्या पुसते. साहजिकच त्या गिटच्या इतिहासातून परत मिळत नाहीत. म्हणूनच मूळ मांडणीत ती सक्तीचा पर्याय दिल्याशिवाय पुसायला नकार देते आणि ‘-एन’ दिल्यास काय पुसले जाईल एवढेच दाखवते. अशी रंगीत तालीम आपल्या साधनातही असावी.

वर्णनात ‘धोकादायक’ हे विशेषण घालून काही साधत नाही. कशाला धोका, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ‘तात्पुरत्या फायली इत्यादी पुसते’ या वाक्यातला ‘इत्यादी’ तर मी कोणाच्याही हाती देणार नाही. ‘शक्यतो वापरू नये’ हेही टाळावे. ‘करू नये’ या रूपात मराठी सल्ला आणि मनाई दोन्ही बसवते. १९९७ सालच्या आरएफसी २११९ या इंटरनेट-मानकांसाठीच्या दस्तऐवजाने ‘मस्ट’ (केलेच पाहिजे) आणि ‘शुड’ (करावे) यांचे अर्थ वेगळे बांधून दिले ते अशाच घोटाळ्यामुळे.

प्रश्नकर्ता (फोंडा)
मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एआयला साधने जोडण्याच्या सामाईक पद्धतीत, साधन विनाशक आहे का हे सांगणारी खूण असते. ती लावली तर एवढ्या शब्दांची गरज उरते का?

उत्तर (मडगाव)
उरते. ती केवळ सूचक खूण आहे, आणि ती ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. वहीच्या प्रती मागितल्यावर हे साधन चालवायचे नाही, हे तिच्यातून कसे कळणार?

प्रश्नकर्ता (फोंडा)
सुधारलेला मजकूर असा : ‘दिलेल्या फोल्डरमधील सर्व स्कॅन पुसते. पुसलेले स्कॅन परत मिळत नाहीत. छपाईसाठी किंवा नक्कल करण्यासाठी हे साधन नाही. आधी तालीम चालवून फायलींची यादी वापरणाऱ्याला दाखवा. त्याने त्याच यादीला होकार दिल्यावरच पुसा.’ साधनाचे नावही ‘प्रती’ऐवजी ‘स्कॅन_पुसा’ असे केले आहे.

उत्तर (म्हापसा)
‘त्याच’ हा शब्द राहू द्यावा. तो नसता तर कालच्या यादीला मिळालेला होकार आजच्या यादीलाही लागू धरला जाण्याची भीती होती.