मदत हवी आहे: ४८६ वर फ्रंटडोअर, झिप बंडल अर्ध्यात अडकतं

जुन्या ४८६ पीसीवर (८ एमबी रॅम, डॉस ६.२२) फिडोनेट (मोडेमवरून एकमेकांना फोन लावून मेल पोचवणारं जुनं नेटवर्क) पद्धतीची मेल चालवायची आहे. मेलर (कॉल लावून मेल देणारा-घेणारा प्रोग्राम) फ्रंटडोअर, फॉसिल ड्रायव्हर (मेलर आणि सीरियल पोर्ट यांच्यामधला ड्रायव्हर) एक्स००. टेलिफोन लाइन नाही, म्हणून कॉम१ ला वायफाय मोडेम लावलाय. तो एटीडीटी (डायल करायची मोडेम कमांड) घेतो आणि टेलनेटने पलीकडच्या मशीनला जोडतो. ते मशीनही माझंच, त्यामुळे दोन्हीकडचे लॉग बघता येतात.

हँडशेक होतो, पासवर्ड जुळतो, लहान पॅकेट जातं. पण ३०-४० केबीचं झिप बंडल (एकत्र झिप केलेली मेल) आलं की झेडमोडेम (फाइल पाठवायचा प्रोटोकॉल) सीआरसी एरर, म्हणजे डेटा बिघडल्याची चूक, देत बसतो आणि शेवटी लाइन तुटते. ३८४०० बीपीएस वेगावर दर वेळी वेगळ्या जागी. ९६०० वर बहुतेक वेळा नीट येतं, पण एक बंडल दोनदा अगदी त्याच बाइटवर अडकलं. हेच मला खटकतंय.

केबल बदलली, आता आरटीएस-सीटीएस (डेटा थांबवा-पाठवा सांगणाऱ्या तारा) जोडलेली आहे. मोडेम आणि फॉसिल दोन्हीकडे हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू. एमएसडी (डॉसचं हार्डवेअर तपासायचं टूल) कॉम१ ला ८२५० ही सीरियल चिप दाखवतं, म्हणजे फिफो (आलेले बाइट साठवणारा बफर) नाहीच. बिंकडी (इंटरनेटवरून चालणारा मेलर) सुचवू नका, नेटवर्क कार्डाला वेगळा स्लॉट शिल्लक नाही. एकच आयसा स्लॉट रिकामा आहे.

त्यात १६५५० (फिफो असलेली चिप) वालं सीरियल कार्ड घालून भागेल, की टेलनेटमध्ये २५५ हा बाइट (टेलनेट तो कमांडची खूण मानतं) गिळला जातोय? कार्ड शोधत हिंडण्याआधी हे दोन वेगळे कसे ओळखायचे?